देव बोलला, हे ओळखायचं कसं?

कृष्णाकाठची (मिरज)

नमस्कार. हा धागा कुठल्या विभागात टाकावा कळेना, म्हणून 'अध्यात्म'मध्ये टाकतेय. संपादकांनी हवं तर हलवावा.

आम्ही मिरजेचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आजोबा इथल्या मिशन हॉस्पिटलात कामाला होते. घरात रोज सकाळी बायबलचा एक उतारा वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचं, मग प्रार्थना. 'आज प्रभू वचनातून बोलला' हे वाक्य आमच्याकडे 'आज दूध उतू गेलं' इतक्या सहजपणे म्हटलं जातं. त्यामुळे लहानपणापासून त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

आता वाटायला लागलंय. धाकटा भाऊ सांगलीत बँकेत आहे. काही महिन्यांपासून तो एका नव्या प्रार्थनागटात जातो. परवा त्यानं घरी सांगितलं की देवानं त्याला नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यायला सांगितलंय. प्रार्थना करून बायबल उघडलं तर 'आपला देश, आपले नातलग, बापाचं घर सोडून मी दाखवीन त्या देशात जा' असं देव अब्राहामाला सांगतो तेच पान. नंतर पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. वहिनीला सातवा महिना आहे. विश्रामबागेतल्या फ्लॅटचे हप्ते चालू आहेत.

देव आहे की नाही हा माझा प्रश्न नाही, त्यासाठी इथे ढीगभर धागे आहेत. जे रोज प्रार्थना, जप, पारायण, नमाज काहीतरी करतात त्यांना विचारायचंय. तुम्हाला उत्तर येतं का? कसं येतं? आणि ते आपल्याच मनाचं नाही हे कशावरून ठरवता? सगळ्या धर्मांच्या लोकांनी लिहा. भाऊ इथे वाचक आहे, त्याला सांगूनच लिहितेय.

भडंगप्रेमी

बँकेतली नोकरी सोड असं मलाही रोज ऐकू येतं. सोमवारी जरा मोठ्यांदा. मार्चअखेरीस तर अखंड.

परळीखोरे (सातारा)

भडंगप्रेमी 😀

आमचं गाव सज्जनगडाच्या पायथ्याला. वडील रोज दासबोधाचा एक समास वाचतात. दोनशे समास, म्हणजे साडेसहा महिन्यांत एक आवृत्ती आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून. वाचताना कधीकधी एका ओवीवर अडतात. मग त्या दिवशी पुढे जातच नाहीत. चहा गार होतो, आई ओरडते. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर म्हणतात, 'आज समर्थांनी बरोबर पकडलं मला.'

पण पकडलं म्हणजे काय, तर बहुतेक वेळा त्यांच्या रागाबद्दल, नाहीतर आळसाबद्दल काहीतरी. 'हे कर, ते सोड' असा हुकूम त्यांना कधी आल्याचं मी ऐकलेलं नाही. आमची आत्या मात्र डोळे मिटून पोथी उघडते आणि बोट ठेवते. मुलीच्या स्थळासाठी असंच बोट ठेवलं, ते नेमकं मूर्खलक्षणांच्या समासात पडलं. स्थळ नाकारायचं की आपण मूर्ख आहोत असं समजायचं, यावर घरात दोन तट पडले.

नवविधा भक्तीत पहिलं श्रवण आहे. आधी ऐकायचं, मग त्याचं मनन, मग प्रत्यय. समर्थांचा सगळा भर या प्रत्ययावर, ऐकीव ज्ञानाला ते फार किंमत देत नाहीत. त्यांनी स्वतः नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं पुरश्चरण केलं असं परंपरा सांगते. एखाद्या गटात जायला लागल्यावर काही महिन्यांत आज्ञा येणं मला जरा घाईचं वाटतं. तुमच्या भावाचा अवमान करायचा हेतू नाही.

शंकासूर (सातारा)

माणूस आधी ठरवतो, मग ते देवाच्या तोंडून वदवून घेतो. एवढंच आहे हे.

एक साधी परीक्षा सुचवतो. देव लोकांना नोकरी सोडायला सांगतो, मंदिर बांधायला सांगतो, अमक्याशी लग्न कर म्हणतो. आमच्या जिल्ह्यात भावाभावांत बांधावरून पिढ्यान्पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्यात. त्यातल्या कुणाला देवानं 'सरकवलेला बांध मागं घे' असं सांगितल्याचं ऐकलंय का? मी तरी नाही. ज्या साताऱ्यात डॉ. दाभोलकर जन्मले तिथे तरी एवढं विचारायला हवं.

माणदेशी

शंकासूरभाऊ, ऐकलंय की. आमच्याच घरातलं सांगतो.

आजोबा गोंदवल्याचे. गोंदवलेकर महाराज १९१३ सालीच गेले, आजोबांनी काय त्यांना पाहिलं नव्हतं. पण पणजीकडून नाम घरात आलेलं. 'श्रीराम जय राम जय जय राम', कुळव धरला तरी तेच आन् बैलाला पाणी दाखवताना बी तेच. शिक्षण काय नव्हतं. आता हा माणूस नामस्मरणाचा, पण चुलत्याबरोबर बांधाचं भांडण असं की एकमेकांच्या मयतीला जायचं बंद. बांध आजोबांच्या बापानं रेटलेला, हे गावाला माहीत होतं.

एका साली पेरणीच्या आधी आजोबांनी सकाळीच चुलत्याला हाक मारली आन् म्हणाले, ये, दोरी धर. बांध होता तिथं मागं घेतला. आजी चिडली. लोकांनी विचारलं, काय वो, महाराज सपनात आले का? तर म्हणाले, 'कोण आलं न्हाई. जपाला बसलं की तो बांधच दिसायचा. रामाम्होरं बसायची लाज वाटाय लागली.'

याला देव बोलला म्हणायचं का मन बोललं, मला ठरवता येत न्हाई. पण दोन घरं तिथनं पुढं बोलायला लागली.

शंकासूर

माणदेशी, निरुत्तर. तुमच्या आजोबांना दंडवत. एक उदाहरण मिळालं हे मान्य, नियम नाही.

अनुप्रेक्षा (सांगली)

आम्ही जैन, त्यामुळे या धाग्यात मला फार सोपं आहे. आमच्याकडे देव काही सांगायला येतच नाही. जगाचा कर्ता-करविता नाही, तेव्हा नोकरीबद्दल मत देणाराही नाही. 😀

तरी प्रश्नाला धरून लिहिते. शास्त्र वाचणं हे आमच्याकडे तप मानतात. सहा अंतरंग तपांतलं एक, स्वाध्याय. त्याचे पाच भाग: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. वाचना झाल्यावर लगेच पृच्छना येते, म्हणजे जाणत्याला विचारणं, शंका काढणं. मग स्वतः चिंतन, मग शुद्ध पाठ करणं. उपदेश सगळ्यात शेवटी. आमच्या मंदिरातल्या स्वाध्यायाला एक निवृत्त मास्तर आहेत. कुणी 'मला या गाथेतून असं उमगलं' म्हटलं की ते आधी विचारतात, 'कुणाला विचारलंस का?'

तीर्थंकरांचा दिव्यध्वनी आम्ही मानतो. तो ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळतो असं सांगतात. पण तो समवसरणात, म्हणजे तीर्थंकरांच्या धर्मसभेत, सगळ्यांसाठी होता. एकाच्याच कानात नव्हता.

नाझनीन_मि (मिरज)

आमच्यात यासाठी नमाजच आहे, इस्तिखारा. लग्न, धंदा, प्रवास, कशाचंही ठरत नसेल तर दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढायची आणि मग दुआ. दुआचा मतलब असा की हे काम माझ्या दीनसाठी (धर्मासाठी), रोजीसाठी आणि शेवटासाठी चांगलं असेल तर सोपं कर, वाईट असेल तर त्याला माझ्यापासून आणि मला त्याच्यापासून फिरव.

बहुतेकांना वाटतं की इस्तिखारा करून झोपलं की स्वप्न पडतं. हिरवं दिसलं की हो, काळं दिसलं की नाही. आमच्या अब्बांना याचा फार राग. ते म्हणायचे, दुआत स्वप्नाचा शब्द तरी आहे का? मशवरा (सल्लामसलत) करायचा, इस्तिखारा करायचा आणि जे बरं वाटेल ते काम सुरू करायचं. चांगलं नसेल तर अडेल. आवाज येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही.

दीदी, तुमच्या भावाला अडणं-सोपं होणं हा भाग विचारा. सातवा महिना, हप्ते आडवे आलेत, हे पण काहीतरी सांगणंच झालं ना?

भडंगप्रेमी

आमच्या गावात कौल लावतात. देवाला फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सरपंचपदाच्या वेळी गुरवानं उजवं पडेपर्यंत फुलं लावली. पोटनिवडणुकीत देव पडला.

शंकासूर

खिक्.

पाळकपुत्र (सातारा)

धागाकर्ती ताई, मी तुमच्याच घरचा म्हणायला हरकत नाही. वडील पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, त्यामुळे 'देव मला म्हणाला' हे वाक्य घेऊन दारात आलेली बरीच माणसं लहानपणी पाहिली.

बायबल उघडून बोट पडेल ते वचन, हा प्रकार आमच्या मंडळीत जुना आहे आणि त्याला मोठी नावंही आधाराला घेतात. संत ऑगस्टीननं ३८६ साली मिलानच्या बागेत 'घे, वाच' असा लहान मुलाचा आवाज ऐकला आणि पौलाची पत्रं उघडली, हे सगळे सांगतात. पण जे वचन पुढं आलं ते त्याला विलास सोडायला सांगणारं होतं, आणि नेमकं तेच सोडायला तो बरीच वर्षं टाळत होता. तो भाग सांगायचा राहतो.

वडिलांची पद्धत वेगळी. उतारा पूर्ण वाचायचा, मागचा-पुढचा अध्याय वाचायचा, तो कुणाला आणि केव्हा म्हटलाय ते बघायचं, मग मनन, मग प्रार्थना. बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती साधूनं याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवासमोर असणं. शेवटच्या पायरीवर देवानं काही बोललंच पाहिजे अशी अटही नाही.

अब्राहामाला 'जा' म्हटलं, बरोबर. त्याच पुस्तकात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात हेही आहे की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारला. त्या पानावर बोट का पडत नाही कुणाचं?

आणि शमुवेल आठवा. लहान मुलगा, रात्री हाक ऐकू येते, आणि तीनदा उठून तो म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातो. एली सांगतो, आता हाक आली तर 'बोल, तुझा दास ऐकत आहे' असं म्हण. देव जे बोलला ते एलीच्याच घराविरुद्ध होतं. सकाळी सांगायला पोरगं घाबरलं. मला या गोष्टीत हे फार खरं वाटतं, की निरोप ऐकणाऱ्याच्या सोयीचा नव्हता.

पूर्णविराम (कराड)

सगळे एकाच बाजूला झुकलेत म्हणून लिहितो.

हप्ते, बाळंतपण, जबाबदारी ही कारणं प्रत्येक वेळी खरीच असतात. ती ऐकत बसले असते तर एकही संत झाला नसता. साताऱ्यातलंच उदाहरण घ्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात येऊन 'देवाचा दरबार' काढला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस. तेव्हाही मिशनमधल्या शहाण्यांनी त्यांना हिशेब सांगितलाच असेल. आणि तुकोबा? कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाही बहुमता' हे त्यांचंच. इथे आपण बहुमत घेत बसलोय.

प्रीतिसंगम_आजोबा (कराड)

पूर्णविराम, अभंग बरोबर दिलात, गोष्ट अर्धी दिलीत.

खतं बुडवण्याआधी तुकोबांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा वेगळा काढून दिला. बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. आणि ती खतं लोकांकडून येणं असलेल्या पैशाची होती, लोकांचं देणं असलेली नव्हेत. बँकेचे हप्ते बुडवणं आणि हे यात मोठं अंतर आहे. टिळकही तेव्हा पंचावन्नच्या घरातले होते.

आता मूळ प्रश्नाबद्दल. तुकोबांना आज्ञा झाली ती स्वप्नात. 'नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां.' म्हणजे आज्ञा होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी काय केलं तेही त्यांनीच सांगितलंय: 'कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें । विश्वासें आदरें करोनियां.' डोंगरावर बसून पाठांतर केलं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे शब्द तोंडात घोळवले, मग स्वतःचे आले. तेही स्वतःचे मानले नाहीत, 'आपुलिया बळें नाही मी बोलत' म्हणाले.

माझं स्वतःचं विचाराल तर इतकी वर्षं ज्ञानेश्वरी वाचतोय, मला आवाज वगैरे काही आलेला नाही. त्याची खंतही नाही. बायको गेली त्या वर्षी मात्र बारावा अध्याय वाचवत नव्हता. 'अद्वेष्टा सर्वभूतानां' आलं की पुस्तक मिटायचो, कारण उपचारांत हयगय झाली म्हणून एका माणसाचा मनात द्वेष होता. पुढं कधी वाचवायला लागलं ते कळलं नाही. एवढाच माझा अनुभव.

परळीखोरे

आजोबा, _/\_

औदुंबरवासी

गुरुचरित्राचा सतरावा अध्याय आमच्या इथलाच आहे, तो कुणी लिहिला नाही म्हणून. करवीरचा मंदबुद्धी मुलगा, लोकांनी हिणवलं म्हणून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात धरणं धरून बसतो, जीभ कापून वाहतो. देवी स्वप्नात येऊन म्हणते, पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडे जा. म्हणजे देवीनं स्वतः विद्या दिली नाही, माणसाकडे पाठवलं. सप्ताहाला बसलो की दरवेळी इथे थांबतो मी.

(कृपया कुणी जीभ कापू नये.)

भडंगप्रेमी

बँकेत जीभ रोजच चावावी लागते, कापायची गरज नाही.

रात्रपाळी (सांगली)

मी मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. शंकासूर म्हणतात ते अर्धं पटतं.

स्टॅनफर्डच्या टान्या लुरमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या चर्चमध्ये बरीच वर्षं बसून हाच प्रश्न अभ्यासला. लोक देवाचा आवाज ओळखायला शिकतात, ते एक कौशल्य असतं, असं त्यांचं म्हणणं. एका प्रयोगात काहींना महिनाभर रोज अर्धा तास शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) प्रसंग डोळ्यांसमोर आणून प्रार्थना करायला लावली, काहींना त्याऐवजी व्याख्यानं ऐकवली. प्रार्थनावाल्यांना मनातली चित्रं जास्त ठसठशीत दिसू लागली, क्वचित आवाजही ऐकू आल्यासारखा वाटला. हे वेड नव्हे. ज्यांना गोष्टीत, गाण्यात चटकन बुडून जाता येतं त्यांना हे जास्त जमतं.

त्यांचंच दुसरं काम चेन्नई, घानातलं आक्रा आणि कॅलिफोर्निया इथल्या स्किझोफ्रेनियाच्या प्रत्येकी २० रुग्णांवर आहे. चेन्नईत बऱ्याच जणांना नातेवाइकांचे आवाज यायचे, आणि ते 'आंघोळ कर', 'स्वयंपाक कर' असली कामं सांगायचे. आपले आवाजसुद्धा आपल्यासारखेच!

काळजी कधी करायची? झोप उडाली, जेवण सुटलं, आवाज सतत हुकूम सोडतोय, धमकावतोय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतोय, तर थांबू नये, डॉक्टरांकडे जावं. ताईंच्या भावाबद्दल असं काही दिसत नाही. तो विचारपूर्वक बोलतोय, घरच्यांना सांगतोय. त्याला आजारी ठरवू नका.

एक मात्र विचारावंसं वाटतं. गटातल्या किती जणांना हेच पान सापडलंय?

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. गटातल्या आणखी दोघांना अब्राहामच मिळालाय. त्याचं बायबल तिथेच उघडायला लागलंय का बघ म्हटलं, पान दुमडलेलं असेल. तो चिडला.

शमुवेलाचं वाचून म्हणाला, 'एलीनं जा आणि ऐक म्हटलं, नको म्हटलं नाही.' यावर मला उत्तर सुचलं नाही. पाळकपुत्र?

पाळकपुत्र

भावाचा मुद्दा चोख आहे, मान्य. पण एली त्या गटातला नव्हता. हाक आली तर ज्याचं नुकसान होणार होतं असा माणूस होता तो, आणि मुलगा त्याच्याकडेच गेला. तुमच्या भावानं असं कुणाला विचारलंय?

अनुप्रेक्षा

+१. पृच्छना.

पूर्णविराम

आजोबांनी कान्होबाचा वाटा काढून माझी बोलती बंद केली, ते ठीक. तरी एक सांगतो. हा मुलगा सेवेत गेला नाही आणि आयुष्यभर कुढत राहिला तर त्याचाही हप्ता कुणीतरी भरणारच आहे. घरच्यांनी 'नको' म्हणण्याऐवजी 'केव्हा' यावर बोलावं. बिनपगारी रजा मिळते का बघा.

भडंगप्रेमी

मिळते. मंजूर करणाऱ्या साहेबाला मात्र देवानं सांगावं लागतं.

माणदेशी

ताई, वहिनी काय म्हणत्यात? समद्यांचं झालं, त्यांचं कुणी विचारलंच न्हाई.

कृष्णाकाठची

माणदेशीदादा, काल रात्री वहिनी बोलली. इतके दिवस गप्प होती. त्याला म्हणाली, 'मीही त्याच घरात प्रार्थना करते. पोटातल्या बाळासाठी रोज करते. देवाला एवढी मोठी गोष्ट सांगायची होती तर मला एका शब्दानं का नाही सांगितली?'

तो काही बोलला नाही. सकाळी मात्र दोघं एकत्र वाचायला बसले. अब्राहामाची गोष्ट जिथं आहे त्या उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायापासून सलग, पुढं त्याच्या बायकोचं, साराचं काय होतं तेही येईल असं. निर्णय बाळंतपणानंतर, एवढं कबूल केलंय. राजीनाम्याचा कागद फाडलेला नाही, कपाटात आहे.

नाझनीन_मि

आणि दोघांना वेगवेगळं ऐकू आलं तर?

प्रीतिसंगम_आजोबा

तर आणखी वाचतील. बाराव्या अध्यायातच अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) बायकोला बहीण म्हणून फारोच्या, मिसरच्या राजाच्या, हवाली करतो ना हो? तिथे पोचले का?

कृष्णाकाठची

पोचले. वहिनीनं पुस्तक मिटलं नाही, पण त्याच्याकडे बघितलं म्हणे.

शंकासूर

वहिनींना सभासद करून घ्या. माझ्या जागेवर.